कर्करोगमुक्त तरुणांचे मनःस्वास्थ्य : बुलढाणा जिल्हा आणि ऑनलाइन आधार

ऑनलाइन आधार म्हणजे कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलामुलींच्या मनाला उपचारांनंतर फोन, चॅट किंवा व्हिडिओद्वारे दिलेला पद्धतशीर आधार. तरुण रुग्णांचा वयोगट वैद्यकात साधारणपणे १५ ते ३९ वर्षे धरतात. लहानपणी आजार होऊन गेलेले आणि आता या वयात पोहोचलेलेही त्यात येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. २०३० पर्यंत सर्वत्र किमान ६० टक्के मुले जगावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठरवले. बऱ्या झालेल्यांची संख्या अशी वाढत जाणार आहे. त्यांच्या मनाला आधार देण्याची व्यवस्था मात्र उपचारांच्या मानाने फार मागे आहे.

किमो आणि शेक (किरणोपचार) चालू असतात तोवर आई-वडील, मामा-मावशी, वॉर्डातल्या सिस्टर सगळे भोवती असतात. शेवटचा डोस झाला की माणसे आपापल्या कामाला लागतात, आणि खरा त्रास अनेकदा तिथूनच सुरू होतो. फॉलोअपची तारीख जवळ आली की झोप उडते. साधा ताप आला, मानेला गाठीसारखे काही हाताला लागले, तरी रिपोर्ट येईपर्यंत जेवण जात नाही. शाळेचे वर्ष बुडालेले असते, धाकट्या मुलांच्या वर्गात बसावे लागते. हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेल्या मुलाकडे बाजारात लोक वळून पाहतात. मुलीच्या बाबतीत स्थळ आले की आजार सांगायचा की दडवायचा, यावर घरात कुजबुज चालते. मूल होईल का हा प्रश्न तिला कोणापाशी काढता येत नाही. काही घरांत आजाराचे नावच मुलापासून लपवलेले असते आणि त्याला ते स्वतःच्या फाइलवर वाचून कळते. ‘बरा झालास ना, मग आता कशाला तो विषय?’ हे घरच्यांचे वाक्य प्रेमापोटी असते, पण बोलणे तिथेच खुंटते.

महाराष्ट्रात याची दखल लवकर घेतली गेली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने ‘आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी’ हे क्लिनिक सुरू झाले. उपचार संपून काही काळ आजारमुक्त राहिलेल्या मुलांची शरीर आणि मन अशा दोन्ही अंगांनी दीर्घकाळ तपासणी तिथे होते. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ हा बऱ्या झालेल्या तरुणांचाच गट उभा राहिला. आपल्यासारखाच कोणी शिकतो, नोकरी करतो, लग्न करतो, हे डोळ्यांनी पाहण्याचा परिणाम खोल असतो.

बुलढाणा जिल्ह्यातून उपचारांसाठी लोक ‘टाटाला’ जातात, तसेच नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातही जातात. जिल्ह्यातल्या मलकापूर रेल्वे स्थानकापासून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. बुलढाणा शहरालाच रेल्वे नाही. लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या बाजूच्या माणसाला आधी एसटी धरावी लागते. कर्करुग्णाला तपासणीच्या प्रवासासाठीही रेल्वे भाड्यात सवलत देते. तरीही सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोणी तासाभराच्या बोलण्यासाठी मुंबई गाठत नाही. ऑनलाइन आधाराची गरज इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

अशा कार्यक्रमांचे दोन अभ्यासलेले नमुने आहेत. ऑस्ट्रेलियातील ‘रीकॅप्चर लाइफ’मध्ये १५ ते २५ वयाचे तरुण मानसशास्त्रज्ञासोबत आठवड्यातून एकदा दीड तास, असे ६ आठवडे व्हिडिओवर भेटतात. नेदरलँड्समधील ‘ओप कूर्स ऑनलाइन’मध्ये बैठकांची रचना जवळपास तशीच, पण किशोरवयीन मुले बंद चॅटमध्ये लिहून बोलतात; चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू जात नाही. दोन्हींचा पाया विचार-वर्तन उपचारपद्धतीचा : मनात येणारा भीतीचा विचार पकडायचा, तो तपासायचा, मग काय करता येईल ते ठरवायचे.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला दुसरा नमुना अधिक मानवेल. दोन खोल्यांच्या घरात आजी पलंगावर, भाऊ अभ्यासाला, फोन वडिलांचा. अशा ठिकाणी मुलगी कॅमेऱ्यासमोर ‘मला मूल होईल का’ असे कसे विचारणार? तेच ती लिहून विचारू शकते. शिवाय चॅटला नेटवर्क कमी लागते. बैठक मराठीत हवी, वेळ शेतीकाम आणि शाळा सांभाळून हवी, आणि पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष, पुढच्या फॉलोअपच्या दिवशीच व्हावी. ओळख नसलेल्या पडद्यावर इथली मुले सहज मोकळी होत नाहीत. गावातल्या आशाताईंना (आरोग्य स्वयंसेविकांना) घराचा इतिहास ठाऊक असतो, म्हणून दुवा म्हणून त्यांचा उपयोग होतो. मात्र मुलाच्या संमतीशिवाय गावात आजाराचा बोभाटा होऊ नये.

निराशा खोल असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते; मुलाच्या वतीने आई-वडीलही फोन करू शकतात.