बाख, योहान सेबास्टियन

(२१ मार्च १६८५ – २८ जुलै १७५०). जर्मन संगीतरचनाकार आणि ऑर्गनवादक. जन्म थुरिंजियातील आयझेनाख या गावी, पिढीजात वादकांच्या घरात. वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच आईवडील वारले, तेव्हा ओर्डरूफचा ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाने त्याला सांभाळले. भावाच्या कपाटातील रचनांची वही मागूनही मिळेना, म्हणून मुलाने ती जाळीतून काढून सहा महिने चांदण्यात उतरवून घेतली. पुढे भावाने ती नक्कलही काढून घेतली, असे बाखच्या मुलाने आणि शिष्याने लिहिलेल्या मृत्युलेखात आहे.

दुसऱ्याची रचना स्वतःच्या हाताने उतरवणे हेच त्याचे खरे विद्यालय होते. १७०५ साली ऑर्गनवादक बुक्स्टेहूडेचे वादन ऐकण्यासाठी तो आर्नश्टाटहून ल्यूबेकला, जवळपास ४०० किलोमीटर, पायी गेला. वायमारच्या दरबारात (१७०८–१७) त्याने इटालियन रचनाकार व्हिवाल्दीच्या कॉन्चेर्तो या वाद्यवृंद-रचनांची ऑर्गन व हार्पसिकॉर्डसाठी रूपांतरे केली. इटालियन संगीताची नेटकी बांधणी त्याच्या रचनांत मुरली ती या कष्टांतून. वायमार सोडण्याचा हट्ट धरला म्हणून ड्यूकने त्याला जवळजवळ चार आठवडे कैदेतही ठेवले होते.

बाखने काय लिहिले, हे पुष्कळदा त्याच्या नोकरीने ठरवले. वायमारनंतर तो क्योथेनच्या दरबारी गेला. तिथला राजपुत्र लेओपोल्ड कॅल्व्हिनपंथी. त्या पंथाच्या उपासनेत भरघोस संगीताला स्थान नसल्याने येथे वाद्यसंगीत बहरले. ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो १७२१ साली अर्पण झाले. ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’चा पहिला भाग १७२२चा: सप्तकातील बाराही स्वर आळीपाळीने आधारस्वर धरून, प्रत्येकावर मेजर व मायनर अशा दोन स्वरावलींत, एकूण २४ प्रेल्यूड आणि फ्यूग.

फ्यूग म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय बाख हाती लागत नाही. एक आवाज छोटी धून मांडतो. ती संपते तोच दुसरा आवाज तीच धून वेगळ्या उंचीवरून उचलतो आणि पहिला त्याच्यासोबत नवे काही गाऊ लागतो. मग तिसरा येतो, कधी चौथा. कोणीही कोणाची साथ करत नाही, सगळेच मुख्य. एका गायकाच्या स्वरामागे जाण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला सुरुवातीला गलका वाटतो. एकच आवाज धरून पुन्हा ऐकावे, मग दुसरा. वीण हळूहळू उलगडते आणि तो आनंद विलक्षण असतो.

१७२३ पासून अखेरपर्यंत तो लाइपझिगला थोमास चर्चचा कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख, होता. टेलेमान आणि ग्राउपनर हे रचनाकार मिळाले नाहीत म्हणून ही जागा त्याच्याकडे आली. पहिल्या काही वर्षांत बहुतेक दर रविवारी उपासनेसाठी नवा कँटाटा, म्हणजे गायक-वादकांसाठीची रचना, लागे: तो रचायचा, घरच्यांनी व शिष्यांनी गायक-वादकांसाठी प्रती काढायच्या, चर्चच्या शाळेतल्या मुलांकडून बसवून घ्यायचा. सुमारे २०० कँटाटा आज उपलब्ध आहेत. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (१७२७) याच धबडग्यातले; येशूच्या यातनांची ही गाथा ऐकताना त्यामागची घाई कुठेच जाणवत नाही.

अखेरीस दृष्टी गेली. १७५० मध्ये जॉन टेलर या इंग्रज वैद्याने डोळ्यांवर दोनदा केलेली शस्त्रक्रिया फसली आणि काही महिन्यांतच त्याचा मृत्यू झाला. ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधला शेवटचा फ्यूग हस्तलिखितात मध्येच तुटतो. त्याच्या थोड्याच आधी, जर्मन स्वरनावांनी बाख या आडनावाची चार रोमन अक्षरे (B-A-C-H) धून म्हणून येतात.

मृत्यूनंतर जाणकारांत मान राहिला, पण मोठ्या रचना मागे पडल्या. रचनाकार मेंडेल्सझोनने १८२९ साली बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केल्यावर त्या पुन्हा लोकांसमोर आल्या.

दोन विवाहांतून त्याला वीस मुले झाली, त्यांतली दहा जगली. कार्ल फिलिप एमानुएल आणि योहान क्रिस्टियान पुढे नामवंत रचनाकार झाले. दुसरी पत्नी आन्ना माग्दालेना ही दरबारी गायिका. ती १७६० मध्ये, शहराच्या मदतीवर जगत असताना वारली. एकट्या चेलोसाठी बाखने लिहिलेल्या सहा स्वीटची (नृत्यरचनांच्या मालिकांची) त्याच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. जगभरचे वादक त्या वाजवतात ते मुख्यतः तिने उतरवून ठेवलेल्या प्रतीच्या आधारे.