केपच्या रस्त्यावरची सायकल

आमच्या कोकणातल्या मुस्लिम घरांत 'केप' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. खेड, दापोली, माणगावकडच्या कित्येक गावांत एखादे तरी घर असे असते की ज्याचा एक पाय केपटाऊनला आहे. दोन वर्षांपूर्वी अम्मीचे चुलत भाऊ, आमचे मामू, तिकडून आले. जन्म तिकडचा, वय सत्तरीच्या घरात. पडवीत बसले की बोलणे फिरून फिरून सायकलीवर. वारा कसा होता, कोणाची चेन तुटली, कोण चढाला मागे पडला, कोणी नवी सायकल घेतली आणि बायकोला किंमत किती कमी सांगितली! आम्ही मुलांना इतिहास शिकवणारे मास्तर. आम्हाला प्रथम या गप्पा रिकामपणाच्या वाटल्या. पण ऐकता ऐकता ध्यानात आले की या गप्पांच्या खाली एका देशाची मोठी हकीकत दडलेली आहे. मग आम्ही पुस्तके चाळली, मामूंना खोदून खोदून विचारले, आणि त्यातून हा लेख तयार झाला.

केपटाऊनच्या सायकलस्वारांची पहिली गप्पा वाऱ्याची. उन्हाळ्यात तिथे आग्नेयेकडून जो वारा सुटतो त्याला ते 'केप डॉक्टर' म्हणतात. शहराची घाण हवा तो उडवून नेतो म्हणून हे नाव. हा डॉक्टर सायकलस्वारांचा मात्र दुश्मन. 2017 च्या मार्चमध्ये त्याने रस्त्यावर उभी माणसे सायकलीसकट ढकलली आणि हजारो स्पर्धकांची मोठी शर्यत त्याच सकाळी रद्द करावी लागली. मामू सांगतात, त्यानंतर वर्षभर प्रत्येक जण आपण कुठे आणि कसे पडलो तेच सांगत होता, आणि दर खेपेला वारा थोडा थोडा वाढत होता.

या शर्यतीला जुने लोक अजून 'आर्गस'च म्हणतात. केप आर्गस या वर्तमानपत्राचे नाव तिला अनेक वर्षे जोडलेले होते. तिची सुरुवात मोठी गमतीची आहे. 1977 साली बिल मायल्री आणि जॉन स्टेगमन या दोघांनी शहरात सायकलींसाठी वेगळ्या वाटा असाव्यात म्हणून शेकडो सायकलस्वार घेऊन एक फेरी काढली. म्हणजे मूळची ती शर्यत नव्हे, मागणी होती. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1978 मध्ये, त्यातूनच पहिली शर्यत निघाली. 104 किलोमीटर अंतर, पाचशेच्या आसपास माणसे. आता अंतर 109 किलोमीटर आहे आणि स्पर्धक हजारोंनी असतात. हौशी माणसाची इज्जत एकाच गोष्टीवर ठरते: तीन तासांच्या आत आलास का? मामू कधीच आले नाहीत. दर वर्षी पंक्चर, पोटात गोळा किंवा केप डॉक्टर आडवा आला, असे ते सांगतात.

परंतु 1978 साली मामू तेवीस वर्षांचे होते, सायकल उत्तम चालवत होते, आणि तरीही त्या शर्यतीत नव्हते. का नव्हते? हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दक्षिण आफ्रिकेत सायकल फार लवकर पोहोचली. 1893 साली शिकागोच्या जागतिक स्पर्धेत लॉरेन्स माइंतजेस या तिथल्या गोऱ्या तरुणाने विजेतेपद मिळवले. 1899 मध्ये इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध पेटले तेव्हा डॅनी थेरॉन याने बोअर फौजेसाठी सायकलस्वार निरोप्यांचे पथक उभारले. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रुडॉल्फ लुईस पहाटे दोनच्या सुमारास निघाला आणि सुमारे 320 किलोमीटर अंतर 10 तास 42 मिनिटांत तोडून सुवर्णपदक घेऊन गेला. पुस्तकांत ही सारी नावे ठळक आहेत.

त्याच काळात आमची माणसेही तिकडे पोहोचत होती. मामूंचे आजोबा त्यांपैकी एक. केपच्या 1902 च्या कायद्याने अट घातली होती की येणाऱ्याला युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता आला पाहिजे. आमच्यासारख्या उर्दू शाळेच्या मास्तरला हे वाचून हसावे की रडावे कळेना. कुराण पढलेला, उर्दू लिहिणारा, मोडीत हिशेब ठेवणारा माणूस त्या बंदरावर अडाणी ठरत होता! पुढे 1906 च्या कायद्यानंतर गावी जाऊन परत यायचे तर मुदतीचा परवाना लागू लागला, त्यावर फोटो. मुदत टळली तर दरवाजा बंद. मामूंच्या घरी आजोबांचा तो परवाना जपून ठेवलेला आहे.

आजोबांनी डिस्ट्रिक्ट सिक्स या मोहल्ल्यात किराणा दुकान काढले. दुकानाला एक सायकल होती. जाड लोखंडाची, पुढे मोठी टोपली, दांड्याखाली पत्र्याची पाटी आणि पाटीवर दुकानाचे नाव रंगवलेले. शाळा सुटली की मामू त्या सायकलीवर पीठ, साखर, मेणबत्त्या पोहोचवायचे. उधारीची वहीही टोपलीतच. इतिहासाच्या पुस्तकात या सायकलीला जागा नाही. पण ज्या देशात मेडल मिळवणारे दहा-वीस होते, तिथे कामावर जाणारे, सामान वाहणारे, बागेत राबायला जाणारे सायकलस्वार हजारो होते. 1957 मध्ये जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रात बसचे भाडे चार पेन्सचे पाच झाले. एक पेनी! तेवढ्यासाठी लोकांनी बसवर बहिष्कार घातला आणि महिनोन् महिने रोज लांबची वाट जाऊन येऊन पायी चालले. काहींनी सायकली काढल्या, तर पोलीस त्यांना अडवून चाकांतली हवा सोडत. हवा सोडण्याची ती शिक्षा आमच्या वर्गातल्या मुलांना सांगितली तेव्हा ती आधी हसली. मग एकाने विचारले, "सर, पंप होता का त्यांच्याकडे?"

डिस्ट्रिक्ट सिक्सवर 11 फेब्रुवारी 1966 रोजी घाव पडला. 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याखाली तो मोहल्ला गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला. पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसे उठवली गेली, घरे बुलडोझरने पाडली. मशिदी आणि चर्च तेवढे उभे राहिले. हिंदी माणसांसाठी रायलंड्स नावाचा भाग नेमून दिला होता. मामूंचे घर तिकडे गेले. गिऱ्हाइके कोण कुठे, कोण कुठे पांगली. त्यांना सामान पोहोचवायचे म्हणून मामूंनी सहा महिने दहा-दहा किलोमीटर सायकल हाणली. मग अब्बांनीच थांबवले. वहीतली उधारी बुडाली ती बुडालीच.

खेळातही हाच हिशेब होता. रंगभेदामुळे 1970 मध्ये ऑलिंपिक समितीने दक्षिण आफ्रिकेला बाहेर काढले. तरी आत गोऱ्यांच्या शर्यती चालू होत्या आणि परदेशांतून माणसे चोरून येत होती. 1975 च्या रॅपोर्ट टूर शर्यतीत आयर्लंडचा शॉन केली आणि पॅट व किरॉन हे मॅक्वेड बंधू खोट्या नावांनी उतरले. त्या दिवसांत एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन दुसऱ्यांदा लग्न करून आफ्रिकेत हिंडत होते आणि पत्रकार त्यांच्या मागे. त्यांतल्याच एकामुळे या सायकलस्वारांचा फोटो निघाला, तो लंडनला पोहोचला आणि बिंग फुटले. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला ते मुकले. केली पुढे जगातला नामांकित सायकलपटू झाला, आणि पॅट मॅक्वेड तर 2005 ते 2013 जागतिक सायकल संघटनेचा अध्यक्ष होता. चोरून खेळणाऱ्याची कारकीर्द बुडाली नाही, हे आम्हाला येथे नमूद करावेसे वाटते. ज्यांनी इमानाने खेळ सोडला त्यांच्या नावाची मात्र यादीही कुठे सापडत नाही.

कारण खेळ सोडणारेही होते. 1973 मध्ये रंगभेद न मानणाऱ्या खेळाडूंच्या संघटनांनी मिळून 'साकोस' ही संस्था स्थापली. तिचे एक पुढारी हसन होवा. त्यांच्या चळवळीची घोषणा सर्वांच्या तोंडी होती: विकृत समाजात निकोप खेळ असू शकत नाही. घर कोणत्या मोहल्ल्यात असावे ते सरकार ठरवणार, आणि रविवारी तेवढे गोरे-काळे एका रस्त्यावर सायकल चालवणार, हा दुटप्पीपणा साकोसला मान्य नव्हता. म्हणून 1978 साली मामू रस्त्याच्या कडेलाही उभे राहिले नाहीत. "मन होत नव्हतं का?" आम्ही विचारले. ते म्हणाले, "होत होतं. पण अब्बांच्या समोर बोलायची हिंमत नव्हती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि अब्बा बरोबर होते." आमच्या मते तेही आणि मनही, दोन्ही बरोबर होते. तेवीस वर्षांचे पाय पुन्हा मिळत नाहीत.

1994 नंतर मामू पहिल्यांदा आर्गसमध्ये उतरले, चाळिशीत. शर्यतीची वाट समुद्राकाठाने जाते. म्युझेनबर्ग, मग सायमन्स टाऊन, स्मित्सविंकलचा चढ, चॅपमन्स पीकचा कड्यातला रस्ता आणि शेवटी दम काढणारी सुईकरबॉसी. जगातल्या सुंदर रस्त्यांत याची गणना होते. मामूंना मात्र सायमन्स टाऊन आले की वेगळेच दिसते. 1967 मध्ये तेही गोऱ्यांचे ठरले आणि तिथली मुस्लिम घरे उठली. मशीद आजही उभी आहे. मागून येणारे ओरडतात, "चला चला, वारा पाठीवर आहे!" आणि मामू पॅडल मारता मारता मशिदीच्या दिशेने सलाम करतात. दर वर्षी. कोणाला सांगत नाहीत.

आजच्या गप्पांत नवी नावेही येतात. म्युझेनबर्गच्या शेजारच्या गरीब वस्तीतला निकोलस ड्लामिनी 2021 मध्ये टूर द फ्रान्समध्ये उतरला. दक्षिण आफ्रिकेचा तिथे पोहोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय सायकलपटू. पावसाने गारठलेल्या नवव्या टप्प्यात तो पडला, वेळेची मुदत केव्हाच संपली होती, तरी गाडीत न बसता त्याने शेवटची रेषा ओलांडली. त्याआधी, डिसेंबर 2019 मध्ये, केपटाऊनच्याच सिल्व्हरमाइनमध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षकांनी प्रवेशाच्या परवान्यावरून त्याला धरले आणि त्या झटापटीत त्याचा हात मोडला. केपच्या सायकलस्वारांत महिनोन् महिने यावरच वाद चालला होता. कोणी म्हणे, परवाना काढायला हवा होता. मामू तेव्हा काही बोलले नाहीत. त्यांच्या कपाटात एक परवाना आहे.

रविवारी सकाळी मामूंची टोळी निघते. आता तिच्यात डोक्याला स्कार्फ बांधून वर हेल्मेट घालणाऱ्या मुलीही आहेत. एकट्याने जात नाहीत. सायकल हिसकावून नेणारे लोक असतात, ही तिथली रोजची चिंता. परतताना कोणाच्या तरी दारात कोएसिस्टर खाण्यासाठी थांबायचे. मसाल्याचा, पाकात बुडवलेला, वर खोबरे भुरभुरलेला हा गोड वडा केपच्या मुस्लिम घरांत रविवारी सकाळी होतोच. जितके किलोमीटर झाले त्याहून जास्त इथे भरून काढतात, असे मामी म्हणतात. 2025 मध्ये शर्यत 9 मार्चला आली, ऐन रमजानात. तेव्हा टोळीत खरी चर्चा झाली. काहींनी यंदा नाव मागे घेतले, काही म्हणाले सहरीनंतर अर्धीच वाट जाऊ. मामूंनी फोनवर सांगितले की ते सुईकरबॉसीच्या चढावर उभे राहून ओळखीच्यांना हाका मारत होते. रोजा होता, त्यामुळे घसा कोरडा पडला.

आम्ही दुकानाच्या त्या जुन्या सायकलीचे विचारले. ती अजून आहे. नातू कधी कधी चेनला तेल घालतो. पाटीवरचे नाव अर्धे गेले आहे. बसायचा प्रयत्न केला तर पाय टेकत नाहीत त्याचे, आणि सायकल इतकी जड की दोघांनी मिळून उचलावी लागते.