मोडण्यासाठी जोडलेले खेळणे

श्रोतेहो, मुलाने खेळणे मोडले की आपण त्याला रागे भरतो. पण हे खेळणे मोडण्यासाठीच जन्मले! डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्टियानसेन हा सुतार होता. १९३२ साली मंदीत कामे आटली, तेव्हा तो लाकडी खेळणी करू लागला. ‘लेगो’ हे नाव १९३४ चे. अर्थ, ‘छान खेळा’. १९५८ मध्ये त्याचा मुलगा गॉडफ्रेड याने प्लॅस्टिकच्या विटेला पोटातून नळ्या दिल्या. वीट घट्ट बसू लागली, तरी सहज सुटेही. २०१४ च्या ‘द लेगो मूव्ही’ या विनोदी ॲनिमेशनपटात बाप ही मांडणी कायमची चिकटवू पाहतो. मुलाला मात्र मोडून नवे रचायचे असते. अखेर बापच नमतो. गुरुजनहो, रागावण्याआधी मुलाला एवढेच विचारा: आता काय रचणार?