आडवाट आणि चाक

अलीकडे आपल्या शहरातील तरुणांत एक नवा छंद शिरला आहे. रविवार उजाडला की मोटारसायकल बाहेर काढावयाची, डांबरी रस्ता सोडावयाचा आणि डोंगराच्या मुरमाड उतारावरून व ओढ्यातल्या गोट्यांतून ती घालावयाची, असा हा छंद आहे. तरुण मंडळी त्याला ऑफ-रोडिंग म्हणतात. आम्ही त्याला आडवाटेची स्वारी म्हणू. जावा-बालीपासून हवाईपर्यंत, ज्वालामुखीने घडविलेल्या उष्ण बेटांवर, हा खेळ हौसेने खेळला जातो. वडीलधाऱ्यांना हा पोरकटपणा वाटतो, आणि इतिहासाच्या व्यासपीठावर अशा विषयाचे काय काम, असेही कोणी विचारील. परंतु रस्त्याबाहेरच्या मुलखातून चाक नेण्याची गोष्ट आपल्या भूमीला नवी नाही. ती निदान एकोणीसशे वर्षांची जुनी आहे, आणि तिच्यात आजच्या एका प्रश्नाचे उत्तरही सापडण्यासारखे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. हा ग्रंथ पेरिप्लस या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात आपल्या पैठणचे व तेरचे नाव येते. पैठण हे भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांवर, असे लेखक सांगतो. पैठणचे अकीकासारखे दगड आणि तेरचे कापड गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून, भडोचेस येत असे, असाही त्याचा आशय आहे. या विधानाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. मुलुखाला रस्ता नव्हता, तर गाड्या कोठून जात होत्या? अर्थ उघड आहे. रोमन साम्राज्यातील बांधीव रस्ते ज्याला परिचित, त्याला येथे रस्ता दिसला नाही. पण वाट होती आणि ती ठाऊक असणारी माणसेही होती. रस्ता दिसत नाही म्हणजे वाट नाही असे समजणे, ही परक्याच्या डोळ्याची चूक होय. पुढील सर्व विवेचनात हा फरक श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा.

आता या वाटेखालच्या दगडाकडे वळू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हाचे थरांवर थर बाहेर पडले व त्यांतून दख्खनचे पठार बनले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. भूशास्त्रज्ञ याला ट्रॅप म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून आलेला आहे, कारण हे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पैठणहून भडोचेस जाणारा अकीकसुद्धा याच पाषाणाचे अपत्य; लाव्हा थिजताना वायूच्या ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत तो साकळला.

ज्या अग्नीने हे पठार घडविले तो विझलेला नाही, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. तो खोल जमिनीत जवळजवळ एकाच ठिकाणी राहिला, आणि भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. त्याच अग्नीने पुढे लक्षद्वीप-मालदीवच्या खालचा सागरी डोंगर उभारला, नंतर मॉरिशस घडविले, आणि आज तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. म्हणजे वेरूळच्या कैलास लेण्याचा कातळ आणि त्या उष्ण बेटावरचा ताजा लाव्हा हे दूरचे का होईना, पण भाऊबंदच होत.

या पाषाणात वाट कशी पडते? घट्ट कातळाचा थर उभा राहून कडा होतो. दोन कातळांमधील ठिसूळ किंवा गेरूसारखा तांबडा थर लवकर झिजतो, व तेथे सपाट पट्टी तयार होते. जनावर आणि माणूस या पट्टीने आडवे चालत जातात आणि कडा जेथे फुटला असेल तेथून वर चढतात. आपल्या भाषेने ही सारी विद्या शब्दांत साठविली आहे. खिंड, सोंड, नाळ, पायवाट, बैलवाट, गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता, यांतला प्रत्येक शब्द निराळी वाट सांगतो, आणि तिच्यावरून कोणी जावे हेही सांगतो. नाळेतून बैलगाडी जाणार नाही, हे सांगावयास फलक लागत नसे.

जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारा नाणेघाट हे या विद्येचे थोर स्मारक आहे. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तेथील लेण्यात आहे, व घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकीत असे परंपरा सांगते. अनेक शतके याच तऱ्हेच्या वाटांनी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून फिरले. लष्करांची रसद त्यांच्यावर अवलंबून असे. देवगिरीचे यादव असोत, १६१० साली खडकी वसविणारा मलिक अंबर असो, की मोगल असोत, त्यांच्या मागे ही चारपायी वाहतूक चालत होती.

एकोणिसाव्या शतकात फरक पडला. इंग्रजांना तोफा व गाड्या न्यावयाच्या होत्या. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. आपल्याकडे कन्नड व चाळीसगाव यांच्यामधील घाटाला, खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव मिळाले. एक रस्ता बांधला की दहा वाटा ओस पडतात. व्यापार रस्त्यावर गेला, आणि जुन्या वाटा गुराखी, लाकूडफाटा आणणाऱ्या बाया आणि यात्रेकरू यांच्या हाती उरल्या. तथापि बांधलेला रस्ताही या पाषाणापुढे अजिंक्य नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळल्या व हमरस्ता बंद पडला.

अशा वेळी मोटारसायकल आली. आडवाटेवर तिची कसोटी घेण्याची प्रथा युरोपातील. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी झाली. १९२४ साली केंबर्ली येथे माळरानावरची शर्यत झाली, तिच्यातून आजचा मोटोक्रॉस निघाला. १९६८ साली जपानच्या यामाहा कंपनीने आडवाटेसाठीच योजलेली हलकी गाडी आणली, आणि हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. आपल्या गावाचा संबंध येतो तो १९८५ पासून. त्या वर्षी वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि दुचाकीच्या जगात या शहराचे नाव झाले.

मात्र आपल्या मुलखातील खरा आडवाटेचा स्वार कोण, असे विचाराल तर तो दूधवाला होय. हंडे टांगून पाणंदीच्या चिखलातून रोज गाडी काढणारा, वैरणीचा भारा मागे बांधून ओढा ओलांडणारा शेतकरी होय. खेळाडू अडचण शोधत जातो. याच्या वाट्याला ती न शोधता येते. आणि दोघांची वाट पुष्कळदा एकच असते. वादाचे मूळ येथे आहे.

माणसाच्या पायाने वाट दाबली जाते. मोटारसायकलचे मागचे चाक चढावर जोराने फिरते, सुटा मुरूम मागे उडविते आणि अरुंद चर पाडते. मृगाचे पाणी त्या चरातून धावू लागते, आणि दोनचार पावसाळ्यांत चराची घळ होते. काळी माती पाणी पिऊन फुगते व चाकाला लिंपून बसते. मग स्वार चिखल टाळून कडेने जातो, वाट रुंदावत जाते, आणि शेवटी बांध फुटतो. खेळाडू पुढच्या रविवारी दुसरा डोंगर पाहतो. घळ झालेल्या वाटेने वैरण आणावयाची असते ती गावकऱ्याला.

बेटांवरील लोकांनी हा प्रश्न कसा हाताळला हे पाहण्याजोगे आहे. रियुनियन बेटावर फ्रान्सचा कायदा चालतो. ३ जानेवारी १९९१ च्या कायद्याने, सार्वजनिक वाहतुकीस खुल्या नसलेल्या वाटांवर व मोकळ्या निसर्गात, मोटारीच्या वाहनांना मनाई आहे. त्या बेटावर माफात नावाचे एक खोरे आहे. गुलामगिरीतून पळालेल्या लोकांनी पूर्वी तेथे आसरा घेतला होता. तेथे आजही मोटाररस्ता जात नाही. माणसे पायी जातात व सामान हेलिकॉप्टरने येते. या डोंगरखोऱ्यांचा बेटावरील मोठा भाग २०१० साली जागतिक वारशात गेला. उलट जावा बेटावर ब्रोमो ज्वालामुखीच्या राखेच्या मैदानात मोटारसायकलींची वर्दळ असते, व कित्येक कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चालतो. एका बेटाने वाट राखली, दुसऱ्याने तिच्यावर पोट भरले. दोहोंतही काही गैर नाही. पण निर्णय कोणीतरी विचार करून घ्यावा लागतो.

मॉरिशसची आठवण येथे अवश्य केली पाहिजे, कारण तेथे आपली माणसे आहेत. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे नेण्यात आले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी कुटुंबेही होती. पोर्ट लुई येथे ते उतरत त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तिची जागतिक वारशात नोंद झाली. बोटीतून उतरलेला मजूर तेथे सोळा पायऱ्या चढून बेटावर पाऊल टाकी. पुढे उसाच्या मळ्यांतले काळे गोटे मजुरांनी हातांनी वेचून ढीग घातले, आणि त्या ढिगांमधून शेतवाटा निघाल्या. आज त्या बेटावर गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. तेथील शेतवाटेवरून चाक फिरविणाऱ्याने ती वाट कोणाच्या श्रमाने मोकळी झाली हे विसरू नये. आपल्या घाटांनाही हाच न्याय लागू आहे.

तर मग हा छंद बंद करावा काय? आमचे मत तसे नाही. न चालणारी वाट करवंदीच्या जाळीत हरवते किंवा कोणाच्या तरी कुंपणात जाते. तरुणांनी डोंगर पाहावा, पाषाण ओळखावा, चढावर तोल सांभाळावा, यात तब्येतीला व मनाला हितच आहे. फक्त पूर्वजांच्या भाषेने जी वर्गवारी केली ती त्यांनी मानावी. गाडीवाटेवर चाक जावे. पायवाटेवर पाय जावा. पावसाळ्याचे चार महिने माती ओली आहे तोवर डोंगराला विश्रांती द्यावी. १९८६ साली घोषित झालेले गौताळा अभयारण्य आणि दौलताबाद, वेरूळ, अजिंठा यांचे संरक्षित परिसर येथे कायद्याच्या मर्यादा आहेत, त्या पाळाव्या. आणि ज्या गावच्या पाणंदीतून जावयाचे त्या गावाला आधी विचारावे.

एक गोष्ट शहराने करावी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे शेताच्या हद्दीवरून वाट मिळविण्याचा हक्क शेतकरी तहसीलदाराकडे मागू शकतो. ज्या वाटेसाठी तो कचेरीत खेटे घालतो, तिच्यावरून आपण मौजेने जातो. तेव्हा स्वारांच्या मंडळांनी उन्हाळ्यात वर्षातून एकदा कुदळ-फावडे घेऊन जावे, ज्या वाटेवर गाडी घातली तिच्यातील चर बुजवावे आणि पाण्याला आडवे दगड रचून बाजूला वाट करून द्यावी. काम एका दिवसाचे आहे, आणि ते कसे करावे हे गावातला कोणीही म्हातारा दाखवून देईल.

पैठणच्या गाडीवानांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परक्या व्यापाऱ्याने त्यांच्या मुलखाला रस्ता नसलेला म्हटले, तरी त्यांचा माल बंदरावर पोहोचत राहिला, कारण वर्षानुवर्षे वाट राखणारे कोणीतरी होते. आपल्या मोटारसायकलस्वारांनी त्या गाडीवानांच्या मालिकेत बसावयाचे असेल, तर चाकाबरोबर फावडेही घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.