नदीवरचा तंगूस समुद्रावर का तुटतो? किनाऱ्यावरून गळ टाकताना दोरी अशी निवडा

जव्हार/मोखाडा : पालघर जिल्ह्यात आठ तालुके. जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला डोंगर आणि नद्या आल्या; समुद्र आहे तो वसई, पालघर, डहाणू, तलासरीच्या बाजूला. वैतरणा, वाघ, पिंजाळच्या काठी बांबूच्या काठीला तंगूस बांधून गळ टाकणारे गावोगाव आहेत. यातले बरेच जण कामाधंद्यासाठी किनारपट्टीला जातात आणि सुट्टीच्या दिवशी केळवा, चिंचणी, डहाणू, बोर्डीच्या वाळूवर गळ घेऊन उभे राहतात. सोबत नदीवरचाच तंगूस, फक्त शिसे मोठे. मग दोन-चार फेकीत शिसे, गळ सगळेच तुटून जाते. अशा वेळी नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा चुकते ती दोरी.

नदी आणि समुद्रात फरक काय?

नदीवर गळ जवळच सोडायचा असतो. बूच आणि चिमूटभर शिसे पुरते, दोरीवर जोर येतो तो मासा लागल्यावरच. किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे फेकायचे म्हणजे 50 ते 100 ग्रॅमचे शिसे लागते. काठी जोरात फिरवली की मासा लागण्याआधीच दोरीला मोठा हिसका बसतो. त्यात वाळू, शिंपले आणि खडक दोरी घासून काढतात.

तुटलेले शिसे गोळीसारखे सुटते. मागे-पुढे उभ्या माणसाच्या डोक्याला लागले तर जिवावर बेतू शकते. त्यामुळे दोरीची निवड हा फक्त पैशाचा प्रश्न नाही.

दोरीचे तीन प्रकार

साधा नायलॉन तंगूस : एकेरी, गुळगुळीत आणि स्वस्त. ताणला की थोडा लांबतो, म्हणून हिसका सोसतो. घासण्यालाही बऱ्यापैकी टिकतो. नवशिक्याने यानेच सुरुवात करावी.

विणलेली दोरी (ब्रेडेड) : बारीक धागे विणून केलेली. त्याच जाडीच्या तंगूसापेक्षा कितीतरी मजबूत, आणि बारीक असल्याने लांब जाते. ती लांबत नाही, त्यामुळे माशाने तोंड लावलेले लगेच कळते. पण महाग असते, खडकावर पटकन कापली जाते आणि ओढताना बोटही कापते.

फ्लुरोकार्बन : पाण्यात कमी दिसते, घासण्याला चांगले टिकते. मात्र कडक आणि महाग. पूर्ण रीळ भरण्याची गरज नाही, गळाजवळच्या हात-दोन हात तुकड्याला पुरे.

जाडी किती घ्यावी?

रिळाच्या डबीवर जाडी मिलिमीटरमध्ये आणि ताकद किलो किंवा पौंडात (एलबी) लिहिलेली असते. एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम. 20 पौंडांची दोरी म्हणजे 9 किलोची. साध्या तंगूसाचा ढोबळ अंदाज असा :

- 0.20 मिमी : सुमारे 3 किलो. नदीतल्या लहान माशांसाठी.
- 0.30 मिमी : सुमारे 6 किलो. नदी-तळ्यात रोहू, कटल्यासाठी. किनाऱ्यावर मोकळ्या वाळूत बोई, ढोमीसाठी.
- 0.35 ते 0.40 मिमी : 8 ते 10 किलो. किनाऱ्यावर रोजच्या वापराला. शिंगाळा, लहान रावस.
- 0.50 मिमी : सुमारे 15 किलो. खडकाळ जागा, जिताडा, पाकट.

कंपनीप्रमाणे आकडे थोडे मागे-पुढे होतात. जाड तितकी चांगली असे मात्र समजू नये. जाड दोरी हवेत अडते, जवळ पडते, आणि पाण्याचा ओढ तिला जास्त खेचतो.

शिशाजवळ जाड तुकडा हवाच

मग बारीक दोरीने जड शिसे फेकायचे कसे? मुख्य दोरीच्या पुढे जाड तंगूसाचा तुकडा जोडायचा. फेकीचा हिसका तो तुकडा झेलतो. हिशोब सोपा आहे : शिशाच्या ग्रॅमला 6 ने भागा, येईल तितक्या किलोचा तुकडा घ्या. 60 ग्रॅमला 10 किलो, 100 ग्रॅमला 16-17 किलो.

तुकड्याची लांबी काठीच्या दुप्पट, शिवाय रिळावर पाच-सहा वेढे बसतील इतकी. 10 फुटी काठीला 23-25 फूट होतात. मुख्य दोरी विणलेली असली तर हा तुकडा अजिबात सोडू नये.

गळ बांधायचा तुकडा मुख्य दोरीपेक्षा थोडा बारीक ठेवावा. अडकला तर फक्त गळ जातो, बाकी सामान वाचते.

उधाण की भांग?

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, ओढ जोरात. तेव्हा शिसे वाढवावे लागते, आणि त्याच हिशोबाने पुढचा तुकडाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा हलके शिसे चालते. डहाणू-बोर्डीकडे ओहोटीला पाणी फार लांब जाते आणि भरतीला झपाट्याने परत येते. पाण्यामागे आत चालत जाऊ नये.

विकत घेताना आणि वापरताना

- दुकानाबाहेर उन्हात टांगलेले रीळ घेऊ नये. उन्हाने नायलॉन कुजतो. हातभर दोरी काढून गाठ मारून ओढून बघा. कट्कन तुटली तर ठेवून द्या.
- किनाऱ्यासाठी किमान 200 मीटर दोरी हवी. मशीनच्या काठाच्या 2-3 मिलिमीटर आतपर्यंत भरावी. कमी भरली तर फेक आखडते, जास्त भरली तर गुंता होतो.
- गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते.
- घरी आल्यावर दोरी आणि मशीन गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. पत्र्याखाली, उन्हात ठेवू नका.
- दर खेपेला शेवटची 2-3 मीटर दोरी बोटांतून फिरवा. खरखरीत लागली तर तेवढी कापून टाका.
- फेकण्याआधी मागे बघा. लहान मुले जवळ असतील तर थांबा.

तुटलेला तंगूस टाकू नका

नायलॉन कुजून मातीत जात नाही. पाण्यात किंवा काठावर पडलेला तंगूस बगळ्यांच्या, शेळ्यांच्या पायात अडकतो, चाऱ्यासोबत गुरांच्या पोटात जातो. तो गोळा करून बोटभर तुकडे करावेत आणि घरच्या कचऱ्यात टाकावा. जाळू नये.

धरणावर गळ टाकण्याआधी तिथला मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून घ्यावे. मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही मुंबईला पिण्याचे पाणी देणारी धरणे आहेत. तिथे परवानगीशिवाय उतरू नये.

थोडक्यात, पहिल्यांदा किनाऱ्यावर जाणाऱ्याने 0.35 मिमीचा 200 मीटर तंगूस, पुढे 0.45 मिमीचा 25 फूट तुकडा आणि 60 ग्रॅम शिसे घ्यावे. एवढ्यावर हात बसला की मगच महागड्या दोरीकडे बघावे.