जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी : लिनक्स टाकायचं तर आधी हे बघा

सातारा/सांगली : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. पोरांच्या शिक्षणासाठी सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले बरेच लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. मशीन चांगलं चालतंय, पण सुरक्षेच्या अपडेट थांबल्या, अशी गत आहे. दुकानात चारपाचशे रुपयांत ‘क्रॅक’ विंडोज टाकून मिळतं, पण त्याच कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड टाकायचा तर ते धोक्याचं आहे.

याला एक फुकटचा आणि कायदेशीर पर्याय म्हणजे लिनक्स. त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो आणि लायसन्सचे पैसे लागत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं त्यावरच शिकतात. केंद्र सरकारच्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचं लिनक्स काढलं आहे. विंडोजची सवय असलेल्या माणसाला त्यातल्या त्यात सोपं जातं ते ‘लिनक्स मिंट’. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, सगळं ओळखीचं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅम असेल तर त्यातली ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्यावी. तरीही ब्राउझरमध्ये एकदम दहा-बारा पानं उघडली की मशीन अडखळणारच, त्याला लिनक्स काय करणार? जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर मात्र फरक लगेच कळतो. अगदी जुन्या ३२ बिटच्या कॉम्प्युटरवर मिंट २२ चालत नाही.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

लिनक्सची सगळ्यात चांगली सोय म्हणजे ते न बसवताही चालवून बघता येतं. मिंटच्या वेबसाइटवरून साधारण तीन जीबीची फाइल उतरवायची आणि ‘रुफस’ या मोफत सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. त्या पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्यावा. मग कॉम्प्युटर चालू करताना डेल आणि लेनोव्होवर बहुतेक वेळा एफ १२, एचपीवर एफ ९ दाबलं की पेनड्राइव्हवरून सुरू करायचा पर्याय येतो.

असं चालताना ते जरा सावकाश चालतं, पण हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि मुख्य म्हणजे प्रिंटर इथंच तपासून घ्यावा. एचपीचे बरेच प्रिंटर चालतात, मात्र लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलला वेगळं प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं. आपल्याकडं झेरॉक्सच्या दुकानांतून दिसणारा कॅनन एलबीपी २९०० त्रास देतो. तो जोडल्या जोडल्या चालत नाही, ड्रायव्हरची खटपट करावी लागते.

डी ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका

सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. विंडोज नव्याने टाकताना दुकानदार सहसा फक्त सी ड्राइव्ह पुसतो, डी ड्राइव्हमधले फोटो तसेच राहतात. त्यामुळं ‘महत्त्वाचं सगळं डी मध्ये आहे’ म्हणून लोक निर्धास्त असतात. लिनक्स बसवताना ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडला तर सी, डी, ई सगळंच जातं. लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, काहीच राहत नाही. कॉम्प्युटर दुसऱ्याकडून करून घेणार असाल तरी आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी काढा आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचाही पर्याय असतो. जागा असेल तर सुरुवातीला तोच बरा, पण कॉपी तेव्हाही काढायचीच.

मराठी आणि रोजची कामं

मराठी वाचायला काही अडचण येत नाही. टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडायचा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात, अक्षराचा पाय मोडायला इंग्रजी ‘डी’ ची कळ. उच्चाराप्रमाणे टाइप करायचाही पर्याय आहे. सातबारा उताऱ्याचे १५ रुपये भरून डिजिटल सहीची प्रत काढणं, महाडीबीटीचा अर्ज, व्हॉट्सॲप वेब ही कामं ब्राउझरमध्ये होतात. वर्ड-एक्सेलच्या फाइल लिब्रे ऑफिसमध्ये उघडतात. मांडणी कधी कधी हलते, म्हणून दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करून पाठवावी.

टॅली, पेजमेकर, कोरलड्रॉ किंवा श्रीलिपी वापरणाऱ्यांनी मात्र कामाच्या मशीनवर याच्या नादी लागू नये. ही सगळी विंडोजची सॉफ्टवेअर. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांचंही तेच. बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांची सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज धरूनच केलेली असतात. टायपिंगच्या परीक्षेचा सरावही संस्थेत जे सॉफ्टवेअर असेल त्यावरच करावा.

नेट आणि लाइट

लिनक्स बसवल्यावर वायफाय सापडलं नाही तर घाबरायचं कारण नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं की नेट मिळतं, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ मधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. पहिली अपडेट मोठी असते. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर त्या दिवशी पोरांना मोबाइल जरा कमी बघायला सांगावं. अपडेट निम्म्यावर असताना लाइट गेली तर प्रणाली बिघडू शकते, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ बघूनच अपडेट लावावी. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर त्यालाही हेच लागू. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू केली तर बिघडलेली प्रणाली आधीच्या तारखेवर नेता येते. ती फोटो-कागदांची कॉपी मात्र आपणहून ठेवत नाही, ती वेगळीच काढावी लागते.