शेण, पाणी आणि दिवे : पुरा गावाचा हिशेब

ऊर्जानियोजन म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे धरणे, कोळशावरची वीजकेंद्रे आणि तारांचे मनोरे येतात. पण नियोजनाची सुरुवात गावातली चूल, विहीर आणि गोठा यांच्यापासून केली तर? कर्नाटकातल्या एका लहानशा खेड्यात हा प्रयोग झाला.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला. त्याचे प्रवर्तक डॉ. अमूल्य रेड्डी हे मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. या गटाने तुमकूर जिल्ह्यातल्या काही खेड्यांची ऊर्जा-पाहणी केली. त्यांपैकी एक पुरा. तेव्हाची लोकवस्ती साडेतीनशेच्या आसपास.

गावात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ नव्वद टक्के ऊर्जा सरपणातून येत होती. गावात वीज पोचली होती, पण तिचा वाटा जेमतेम एक टक्का. सरपणासाठी एका कुटुंबाला रोज सरासरी अडीच तास आणि पावणेपाच किलोमीटरची पायपीट करावी लागे. पाणी आणण्याचे कष्ट वेगळेच. ही ऊर्जा कुठल्याच मीटरवर दिसत नाही. ती बायकामुलांच्या अंगमेहनतीतून येते.

गावात गुरे होती, म्हणजे शेण होते. म्हणून सामुदायिक गोबरवायू संयंत्राचा बेत ठरला. मूळ हेतू होता घरोघरी स्वयंपाकाला वायू देण्याचा. आता हिशेब करून पाहू. रोज सुमारे सव्वा टन शेण घातले, तर साधारण ४२ घनमीटर वायू मिळतो. माणशी स्वयंपाकाला पाव घनमीटर धरला, तर तो १६८ जणांना पुरेल. म्हणजे निम्म्या गावालाही नाही! तो बेत सोडावा लागला.

मग हाच वायू दुसऱ्या कशासाठी वापरता येईल? गावाला हवे होते पिण्याचे स्वच्छ पाणी. समजा, वीस वॅटच्या शंभर ट्यूब रोज तीन तास लावल्या, तर सहा युनिट वीज लागेल. एका घनमीटर वायूपासून सव्वा युनिट वीज मिळते असे धरले, तर त्यासाठी पाच घनमीटरही पुरतात. कूपनलिकेचा पंप चालवूनही वायू उरतो. जो वायू चुलींना अपुरा होता, तोच पाण्याला आणि दिव्यांना भरपूर ठरला.

सप्टेंबर १९८७ पासून पुऱ्यात ही व्यवस्था चालू झाली. डिझेल इंजिनात बहुतांश डिझेलऐवजी गोबरवायू वापरून जनित्र फिरू लागले. पाणी नळाला आले, घरांत दिवे लागले. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे दोन पैसे मिळत. शेण आणणारी बहुतेक बाया-मुले असल्याने हे पैसे त्यांच्याच हाती पडत. वायू निघून गेल्यावर उरलेली मळी ज्याची त्याला परत जाई. शेणातला नत्र मळीत शिल्लक राहत असल्याने शेतकऱ्याचे खतही बुडत नसे. संयंत्र चालवायला गावातलीच तरुण मुले शिकवून तयार केली होती.

ही व्यवस्था काही वर्षे चालली, पुढे बंद पडली. शेण वेळेवर येणे, पाण्या-दिव्यांची पट्टी गोळा होणे, इंजिनाची दुरुस्ती होणे, या साऱ्या गोष्टी रोज व्हाव्या लागतात. त्यांतली एक जरी अडली, तरी पाणी आणि दिवे दोन्ही थांबतात. अशा व्यवस्थेचा आराखडा करताना टाकीच्या घनफळाइतकाच विचार या रोजच्या कामांचाही करावा लागतो.

चुलीचा प्रश्न मात्र गोबरवायूने सुटला नाही. तो सोडवण्यासाठी याच गटाने कमी सरपणात भागेल अशी 'अस्त्र ओले' चूल तयार केली. स्थानिक साधनांचा मेळ घालायचा तो असा : जे साधन ज्या गरजेला पुरेल, ते तिथे वापरायचे.

आपल्या गावात विद्यार्थ्यांना ही पाहणी सहज करता येईल. किती घरे, किती गुरे, सरपण किती, पाणी कोण आणते आणि त्याला किती वेळ लागतो? आकडे फळ्यावर मांडून हिशेब करू या. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे मुलांनी आईला विचारून आणावीत.